देवनागरी टायटल सीक्वेन्स: शिरोरेषा न तोडता अक्षरं कशी हलवायची? (आणि लुकलुकणारा रोल)

धागाकर्ता: जोडाक्षर

मराठी चित्रपटाचा सुरुवातीचा टायटल सीक्वेन्स आणि शेवटचा रोल (खालून वर सरकणारी नावांची यादी), दोन्ही करायचे आहेत. स्कोप (रुंद पडदा), २के, म्हणजे २०४८ × ८५८ पिक्सेल, सेकंदाला २४ फ्रेम. सीक्वेन्स १०५ सेकंदांचा, त्यात १९ कार्डं. चित्रपटाचं नाव अजून जाहीर नाही, म्हणून उदाहरणाला ‘दिग्दर्शन’ हाच शब्द घेतो. तो तसाही कार्डावर येणारच आहे.

अडलंय ते असं:

१. आफ्टर इफेक्ट्समध्ये (ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) टाइप केलं की ‘दि’ची वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन बसते, आणि रफाराऐवजी पाय मोडलेला र दिसतो.

२. दिग्दर्शकांना चार सेकंदांत अक्षरं हळूहळू एकमेकांपासून लांब जायला हवी आहेत. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) ० वरून ४० केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात.

३. अक्षरं एकेक करून उगवताना दोन अक्षरांच्या जोडावर शिरोरेषेत उजळ ठिपका दिसतो. पूर्ण उगवल्यावर तो जातो.

४. रोल १०७ ओळींचा आहे, ओळींमधलं अंतर ४४ पिक्सेल, वेळ बरोबर ९० सेकंद. चालवला की सगळ्या शिरोरेषा लुकलुकतात. हाच रोल इंग्रजी मजकूर टाकून पाहिला तर स्वच्छ चालतो.

फॉन्ट अजून ठरलेला नाही, तेव्हा त्याबद्दलही सांगा.

---

प्रतिसाद: रफार

आधी मुद्दा १, कारण तो सुटेपर्यंत बाकीचं करण्यात अर्थ नाही.

देवनागरीत अक्षरं साठवण्याचा क्रम एक आणि दिसण्याचा दुसरा. ‘दि’मध्ये आधी द साठवला जातो, मग वेलांटी, दिसताना मात्र वेलांटी डावीकडे. ‘र्श’मध्ये र आधी साठवलेला, पण दिसतो श च्या डोक्यावर, तोही श च्या उजव्या अंगाला. ही अदलाबदल फॉन्टमधले नियम आणि सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन मिळून करतात. लॅटिन इंजिन चालू असेल तर ते फॉन्टमधले नियम विचारतच नाही, चिन्हं साठवली तशी ओळीने मांडतं. तुमच्याकडे तेच होतंय. फॉन्ट बदलून काही फरक पडणार नाही.

आफ्टर इफेक्ट्सच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न इंजिन निवडा. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे इकडचे तिकडे असतील. निवडल्यावर नवा टेक्स्ट लेयर घेऊन मजकूर त्यात चिकटवा; आधीचे लेयर आपोआप दुरुस्त होतील असं धरून चालू नका. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण करा आणि पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर लावा. इनडिझाइनमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर आहे.

आणखी एक. नावांची यादी श्रीलिपी किंवा तशा जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आली असेल तर आधी ती युनिकोडमध्ये करून घ्या. त्या फॉन्टमध्ये दिसायला देवनागरी असते, पण आत इंग्रजी कळांची चिन्हं असतात. फॉन्ट बदलला की सगळा कचरा होतो. रूपांतरात हमखास घसरतात त्या जागा म्हणजे रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्य-ऱ्ह. त्या तेवढ्या ओळी शोधून डोळ्यांनी वाचा.

---

प्रतिसाद: बोरू आणि टाक

२ आणि ३ चं मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये अक्षर सुटं असतं, म्हणून ते सुटं हलवता येतं. देवनागरीत डोळा शब्द ओळखतो तो शिरोरेषेने बांधलेला. त्यामुळे ॲनिमेशनचं एकक ठरवताना शिरोरेषा वेगळी आणि तिच्याखाली लटकणारे देह वेगळे, असा विचार करावा लागतो. टेक्स्ट ॲनिमेटरला (आफ्टर इफेक्ट्समधलं अक्षरं हलवणारं साधन) हे माहीत नसतं. ‘दिग्दर्शन’ साठवायला नऊ चिन्हं लागतात: द, वेलांटी, ग, हलन्त, द, र, हलन्त, श, न. आपण वाचतो ती अक्षरं चार: दि, ग्द, र्श, न. ॲनिमेटरची गणती या चाराशी जुळेलच असं नाही. मग कुठे वेलांटी आधी येते आणि द मागून, कुठे न दिसणाऱ्या चिन्हावर दोन-तीन फ्रेम नुसत्या जातात आणि लय लंगडते.

ठिपक्याचं कारण. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतःच्या रुंदीबाहेर किंचित सरकलेली असते, जोडात फट राहू नये म्हणून. दोन्ही अक्षरं ५० टक्के अपारदर्शक असताना त्या चिंचोळ्या जागी दोघांची बेरीज ७५ टक्के होते आणि तेवढा भाग उजळ दिसतो. नुसतं फेड-इन हवं असेल तर शब्द आधी प्री-कंपोझ करा (म्हणजे त्याचं स्वतंत्र कंपोझिशन, ‘कंप’, करून तो एक लेयर म्हणून वापरा) आणि अपारदर्शकता त्या प्री-कंपला द्या, ठिपका जाईल. अक्षरांना बाह्यरेषा दिली की प्रत्येक जोडावर उभी चीर दिसते, तिचा भाऊबंदही हाच. त्यासाठी कॅरेक्टर पॅनेलमध्ये ‘ऑल फिल्स ओव्हर ऑल स्ट्रोक्स’ आहे.

मुख्य शीर्षकासाठी मात्र शब्द फोडूनच घ्यावा. इलस्ट्रेटरमध्ये मजकूर आउटलाइन करा (म्हणजे अक्षरांचे आकार करा), पाथफाइंडरने युनाइट करा (आकार एकत्र जोडा). मग शिरोरेषेच्या वरच्या आणि खालच्या कडेवर बरोबर बसणारा आयत काढून त्याने शब्द कापा. चार लेयर होतात: शिरोरेषा, देह, वर जाणारं (वेलांटीची कमान, मात्रा, रफार, अनुस्वार) आणि खाली जाणारं (उकार, ऋकार). ‘दिग्दर्शन’मध्ये चौथा रिकामा राहील. कापताना देहाची वरची कड शिरोरेषेत दोनेक पिक्सेल घुसू द्या. कड कडेला तंतोतंत लावली तर सांध्यावर केसाएवढी फट दिसते: दोन्ही कडा अर्ध्या-अर्ध्या पिक्सेलवर मऊ झालेल्या असतात, आणि अर्ध्यावर अर्धं ठेवलं तर पाऊणच भरतं, पूर्ण नाही.

आता अक्षरं लांब जाण्याचं. तीन मार्ग आहेत.

पहिला: शिरोरेषा सलग ठेवून डावीउजवीकडे वाढवायची आणि देह तिच्याखाली सरकवायचे. चार देह, चार पोझिशन की (कीफ्रेम), मधल्या बिंदूपासून अंतराच्या प्रमाणात. वेलांटी आणि रफार आपापल्या देहाला पेरेंट करा, म्हणजे देहाबरोबर हलतील असे जोडा. विसरलात तर श पुढे जाईल आणि रफार मागे, ग्द च्या बाजूला राहील. एकूण रुंदीत दहा-बारा टक्के वाढ खपते. त्यापुढे मध्ये उघडी शिरोरेषा फार दिसायला लागते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

दुसरा: रुंदीचा अक्ष असलेला व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे ज्यात रुंदी हवी तशी बदलता येते. ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेच्या ‘अनेक देवनागरी’ या फॉन्टमध्ये रुंदी ७५ ते १२५ मिळते. एकच शब्द दोन रुंदींवर आउटलाइन करा आणि एका पाथवरून दुसऱ्यावर मॉर्फ करा (एका आकाराचा हळूहळू दुसरा करा). व्हेरिएबल फॉन्टमध्ये दोन्ही टोकांच्या आकारांत बिंदूंची संख्या आणि क्रम सारखाच असतो, म्हणून मॉर्फ न चुरगळता होतो. अट एवढीच की इथे युनाइट करायचं नाही. केलंत की बिंदूंची संख्या बदलते आणि अक्षरं वितळल्यासारखी एकमेकांत घुसतात. यात अक्षर स्वतःच ऐसपैस होतं, शिरोरेषा आपोआप सलग राहते. माझं मत या मार्गाला.

तिसरा: काहीच लांब न्यायचं नाही, अख्खा शब्द चार सेकंदांत १०० वरून १०४ टक्क्यांवर न्यायचा. दिग्दर्शकांना बहुतेकदा हवा असतो तो श्वास घेतल्याचा भास, आणि तो यात मिळतो. आधी हे दाखवून बघा, दोन दिवस वाचतील.

---

प्रतिसाद: चोवीस फ्रेम

रोलचा हिशेब तुमच्याच आकड्यांवरून मांडतो.

१०७ ओळी × ४४ = ४७०८ पिक्सेल. खालून आत येऊन वर पूर्ण निघून जायला पडद्याची उंची मिळवा: ४७०८ + ८५८ = ५५६६. ९० सेकंद म्हणजे २१६० फ्रेम. ५५६६ ला २१६० ने भागलं की फ्रेमला २.५७७ पिक्सेल. लुकलुक या अपूर्णांकात आहे.

शिरोरेषा समजा ३ पिक्सेल जाड आहे. ती पूर्ण पिक्सेलवर असताना तीन ओळी पूर्ण पांढऱ्या दिसतात. अर्ध्या पिक्सेलवर गेली की दोन ओळी पूर्ण आणि वर-खाली दोन ओळी करड्या. एका फ्रेमला धारदार, पुढच्या फ्रेमला मऊ. प्रत्येक फ्रेमला अपूर्णांक बदलत राहिला की तीच रेषा धडधडताना दिसते. लॅटिन मजकुरात आडव्या रेषा छोट्या आणि विखुरलेल्या असतात, तिथे हे लपून जातं. आपल्याकडे प्रत्येक नावावर सलग आडवी पट्टी, आणि तीही नेमकी सरकण्याच्या दिशेला काटकोनात. उभ्या दंडांना काही होत नाही, कारण ते स्वतःच्याच दिशेने सरकतात.

म्हणून वेग पूर्ण आकड्यात हवा. २ घेतलात तर रोल ११६ सेकंदांचा होतो, ३ घेतलात तर ७७ चा. ९० च हवेत तर वेग ३ वर ठेवून रोलची उंची वाढवा: २१६० × ३ = ६४८०, त्यातून ८५८ वजा, उरले ५६२२. ओळीचं अंतर ४४ चं ५२ करा: १०७ × ५२ = ५५६४. राहिलेले ५८ पिक्सेल विभागांच्या मधल्या जागांत वाटून टाका. प्रत्येक ओळ पडद्यावर २८६ फ्रेम, म्हणजे जवळपास १२ सेकंद राहते. तसंही देवनागरीला ४४ कमीच होतं: वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना चिकटत असणार.

हे करूनही लुकलुक राहिली तर पुढल्या जागा तपासा. सुरुवातीची पोझिशन पूर्ण आकड्यात आहे का. लेयरची उंची विषम आणि अँकर (लेयरचा आधारबिंदू) मध्यभागी असेल तर अर्धा पिक्सेल तिथेच घुसतो. कीफ्रेम सरळ हव्यात, ईझ (हळूहळू वाढणारा-कमी होणारा वेग) नको. मोशन ब्लर बंद. लेयरचं माप १०० टक्के. ओळींचं अंतर पूर्ण आकड्यात, म्हणजे एका ओळीची शिरोरेषा पिक्सेलवर बसवली की सगळ्या बसतात. आणि सगळ्यात घात करणारी चूक: रोल १९२० च्या कंपमध्ये बनवून शेवटी २०४८ वर ताणणे. ३ पिक्सेलचे तिथे ३.२ होतात आणि सगळं मुसळ केरात. डीसीपीच्या (थिएटरला जाणारी डिजिटल प्रत) अंतिम मापातच बनवा.

शिरोरेषेची जाडी रोलमध्ये किमान ३ पिक्सेल ठेवा. शिरोरेषेपासून पायापर्यंत २४ पिक्सेलच्या मजकुरात रेग्युलर वजनाची रेषा बहुधा अडीचच्या आसपास पडते, म्हणून मीडियम घ्या. शुद्ध पांढराही नको, ८५ ते ९० टक्के पुरे. अंधाऱ्या थिएटरात काळ्यावर शंभर टक्के पांढरं पसरतं आणि ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांच्या पोकळ्या बुजतात. आणि निर्णय फोनवरच्या प्रीव्ह्यूवरून घेऊ नका. खिडकी १०० टक्क्यांवर ठेवूनच बघा.

---

प्रतिसाद: पाऊण मात्रा

फॉन्टबद्दल. नमुन्याच्या पानावर सगळेच फॉन्ट देखणे दिसतात. पसंत करण्याआधी हे शब्द टाइप करून बघा:

पार्श्वसंगीत, प्रसिद्धी, ॲक्शन, सहकाऱ्यांचे, कुऱ्हाडे, महाराष्ट्र, कर्तृत्व, हृदय, तंत्रज्ञ, काळे

‘सहकाऱ्यांचे’मध्ये ऱ्य चंद्रकोरीसारखा य ला चिकटलेला दिसला पाहिजे, तिथे रफार आला तर शब्दच बदलतो. ‘कार्यकारी’ आणि ‘सहकाऱ्यां’ एकाच रोलमध्ये असतात, त्यामुळे चूक उठून दिसते. काही फॉन्टांना हा ऱ्य येतच नाही. ‘ॲ’चंही तसंच: युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान आहे, पण कुणी अ वर चंद्र देऊन टाइप केलं असेल तर काही ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. शोधा-बदला करून एकसारखं करून घ्या.

मग ल आणि श. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदीचा वेगळा. श चंही तसंच. बऱ्याच फॉन्टांत मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि मराठी रूप भाषा ‘मराठी’ लावल्यावर येतं. इनडिझाइनमध्ये ती सोय आहे. जिथे नाही तिथे ग्लिफ्स पॅनेलमधून रूप निवडून आउटलाइन करा. तिरो देवनागरी मराठीत ही रूपं मुळातच आहेत. ‘दिग्दर्शन’मधला श मोठ्या पडद्यावर चार-पाच फूट उंच दिसणार आहे, तेव्हा तो हिंदी वळणाचा गेला तर मराठी प्रेक्षकाला काहीतरी खटकतं, काय ते सांगता आलं नाही तरी.

दोन शब्दांमधली जागाही बघा. शिरोरेषेमुळे नाव आणि आडनाव लांबून एकच शब्द वाटतात. शब्दांतर मूळच्या सव्वापट करा. दोन रकान्यांच्या रोलमध्ये कामाचं नाव उजवीकडे टेकलेलं, माणसाचं नाव डावीकडे टेकलेलं, मध्ये किमान दोन अक्षरांची रुंदी. कमी ठेवलंत तर दोन्ही रकान्यांच्या शिरोरेषा जोडल्यासारख्या दिसतात.

आता जे टायपोग्राफीत मोडत नाही पण शिव्या टायटलवाल्यालाच बसतात: शुद्धलेखन. ‘ध्वनी’ एकटा दीर्घ, पण ‘ध्वनिमुद्रण’ ऱ्हस्व. ‘निर्मिती’त पहिली वेलांटी नि आणि मि ला, दुसरी ती ला. ‘आशीर्वाद’मध्ये रफार वा वर; ‘आर्शिवाद’ हे रूप दर दुसऱ्या फलकावर दिसतं म्हणून बरोबर होत नाही. ‘विशेष’ हा आधी श, मग ष. आणि आडनावं इंग्रजी यादीवरून मराठीत कधीही परत आणू नका. इंग्रजीत एकच दिसणारं आडनाव काळे असेल, काले असेल किंवा कळे. काणे आणि काने, डांगे आणि दांगे, हीच गत. यादी देवनागरीतच मागवा आणि सही घेऊनच कामाला हात लावा.

---

प्रतिसाद: कित्ता

बोरू आणि टाक यांना एक पुरवणी आणि एक मतभेद.

पुरवणी: शिरोरेषा कधी येते हेही ठरवा. शिरोरेषा आधी आखून तिला अक्षरं लटकवली तर दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं. विनोदी चित्रपटाला चालेल. हाताने लिहिताना आपण आधी अक्षरं काढतो आणि शब्द संपल्यावर वरून रेघ ओढतो. तो क्रम ठेवला तर ती रेघ म्हणजे शब्द पूर्ण झाल्याची खूण होते. देहांना २० फ्रेम, सहा फ्रेम थांबा, मग १० फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे रेघ. संगीतातला ठोका त्या रेघेच्या शेवटावर ठेवा, सुरुवातीवर नको.

मतभेद: मुख्य शीर्षकाला फॉन्टच कशाला? कार्डांना आणि रोलला फॉन्ट, शीर्षक मात्र हाताने काढलेलं, ही आपल्याकडची जुनी आणि शहाणी रीत आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं आठवा, तिथे नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातच असायचा. चार अक्षरांच्या शब्दाला ट्रॅकिंग, अक्ष, मॉर्फ यांची कसरत करण्यापेक्षा सुलेखनकाराकडून शब्दाची दोन-तीन रूपं काढून घेणं स्वस्त पडतं. फक्त मागताना शिरोरेषा, देह आणि मात्रा वेगवेगळ्या कागदांवर मागा, ६०० डीपीआयला स्कॅन करा.

हाताने लिहिल्यासारखं उमटवायचं तर अक्षर हीच मॅट (खालचं फक्त अक्षराच्या आकारातच दिसतं) आणि तिच्याखाली जाड स्ट्रोक ट्रिम पाथने (रेषा टोकापासून हळूहळू उमटवणारी सोय) चालवायचा. स्ट्रोकची जाडी अक्षराच्या सर्वांत जाड जागेपेक्षा थोडी जास्त. गोची होते ती रेषा स्वतःलाच भेटते तिथे: ‘क’चा डावा गोल उमटत असताना दंडाचा तुकडा वेळेआधी दिसतो, ‘ळ’मध्ये मधोमध तसंच. उपाय म्हणजे अक्षर त्या जागी कापून प्रत्येक तुकड्याला स्वतःचा स्ट्रोक. क चे तीन तुकडे: डावा गोल, दंड, उजवा आकडा. क्रमही लिहिण्याचाच ठेवा.

---

धागाकर्ता: जोडाक्षर

इंजिन बदललं, वेलांटी जागेवर आली. रोल ५२ अंतराने आणि ३ पिक्सेलने चालवला, लुकलुक थांबली. लेयरची उंची विषम होती, तीही सम केली. मुख्य शीर्षकाला १०० ते १०४ दाखवून बघतो, नाही पटलं तर व्हेरिएबल.

एक राहिलं. निर्मात्यांना मराठी नावाखाली इंग्रजी नावही हवंय. माप कसं जुळवायचं? दोघांना एकच पॉइंट साइज दिली तर इंग्रजी अंगावर येतं.

---

प्रतिसाद: पाऊण मात्रा

पॉइंट साइज विसरा. देवनागरीला त्याच चौकटीत वर मात्रा आणि खाली उकार बसवायचे असतात, म्हणून सारख्या आकड्याला देह लहान पडतो. डोळ्याने जुळवा. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची मोजा आणि खालच्या इंग्रजी कॅपिटलची उंची तिच्या ४० ते ५० टक्के ठेवा. इंग्रजीला हवं तेवढं ट्रॅकिंग द्या, तिथे काही तुटत नाही. मराठी शब्दाच्या शिरोरेषेइतकी रुंदी होईपर्यंत ताणलं तर दोन्ही एका चौकटीत बसतात. वजन जुळवताना इंग्रजीचा उभा दंड शिरोरेषेच्या जाडीशी ताडून बघा.

---

प्रतिसाद: चोवीस फ्रेम

आणि ती इंग्रजी ओळ फार खाली नेऊ नका. ओटीटीला गेल्यावर त्याच पट्ट्यात सबटायटल येतात. ओटीटीला बहुधा टेक्स्टलेस प्रतही लागते, म्हणजे तीच दृश्यं अक्षरांशिवाय. त्यामुळे अक्षरांची सावली, चमक, मागचा धूसर पट्टा, सगळं अक्षरांच्याच प्री-कंपमध्ये ठेवा. पार्श्वभूमीच्या लेयरवर लावलेली सावली टेक्स्टलेस प्रतीत तशीच राहते आणि रिकाम्या आभाळात ‘दिग्दर्शन’ची सावली फिरते.